थीयू : एका चिनी शब्दाची नाडीपरीक्षा

माझ्याकडे सहा वर्षांपासून एक काकू येतात. वय ६७, मधुमेह, दोन्ही गुडघे झिजलेले. दर तीन महिन्यांनी रिपोर्ट घेऊन येतात. मी विचारतो, "व्यायाम?" त्या म्हणतात, "घरातलं सगळं मीच करते हो डॉक्टर." हा संवाद आमच्या दोघांच्याही इतका अंगवळणी पडला होता की नंतर नंतर मी उत्तराची वाटही पाहत नसे, सरळ औषधं लिहायला घेत असे.

मागच्या वर्षी त्या मुलाकडे शांघायला पाच महिने राहून आल्या. परतल्यावर तपासणीला आल्या तेव्हा वजन साडेतीन किलोनं उतरलेलं आणि तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी, म्हणजे एचबीएवनसी, ७.८ वरून ६.९ वर आलेली. गोळ्या त्याच होत्या. "तिथे काय केलंत?" असं विचारल्यावर त्यांनी सांगितलं ते असं :

"नातवाच्या शाळेत थीयू नावाचा तास असतो. मी त्याला विचारलं, म्हणजे खेळ का रे? हो म्हणाला. म्हटलं, मग आपली पी.टी.? तर तेही हो. परीक्षा असते का? असते म्हणाला. टीव्हीवर मॅचच्या बातम्या लागतात, त्यांनाही थीयूच म्हणतात. आणि मी सकाळी खालच्या बागेत त्या बायकांबरोबर हात-पाय हलवायची, तर सून म्हणाली, आई, तुमचं थीयू छान चाललंय. एका शब्दात सगळंच कसं हो बसतं, डॉक्टर?"

मला उत्तर देता आलं नाही. चिनी भाषा मला येत नाही. पण प्रश्न डोक्यात राहिला आणि रात्री थोडं थोडं वाचत गेलो. वाचता वाचता लक्षात आलं, की मी रोज पंधरा-वीस लोकांना 'व्यायाम करा' म्हणतो आणि त्यातले दोघे-तिघेच करतात, त्यामागची काही कारणं या परक्या शब्दाच्या गोष्टीत सापडतात. म्हणून आजचा लेख साखर-रक्तदाबाऐवजी एका शब्दावर.

आधी शब्दच उलगडून पाहू. (रोमन लिपीत तो 'टी'पासून लिहितात, त्यामुळे आपल्याकडे 'तियू' असंही छापून येतं. उच्चार 'थ'च्या जवळचा आहे.) त्यात दोन अक्षरं आहेत. 'थी' म्हणजे शरीर. या अक्षराच्या जुन्या रूपात डाव्या बाजूला हाडाचं चिन्ह असे. आज चीनमध्ये जे सुटसुटीत रूप लिहितात त्यात एका बाजूला माणूस आणि दुसऱ्या बाजूला 'मूळ' या अर्थाचं चिन्ह आहे. दुसरं अक्षर 'यू'. त्याच्या वरच्या भागात उलटं मूल आहे, डोकं खाली आणि पाय वर. त्याच अक्षराच्या आणखी जुन्या रूपात बाळंत होणारी आईसुद्धा दिसते. प्रसूतिगृहात ड्यूटी केलेल्या कुणालाही हे चित्र पाहून बरं वाटेल, बाळ अगदी योग्य स्थितीत आहे! तर 'यू' म्हणजे जन्माला घालणं, वाढवणं, सांभाळून मोठं करणं. शिक्षणापेक्षा संगोपनाच्या जवळचा अर्थ. थीयू म्हणजे देहाचं संगोपन.

आपल्याकडे याच गोष्टीचे तुकडे पडलेले आहेत. गल्लीत खेळतो तो खेळ. पदकासाठी खेळतात ती क्रीडा. एकट्यानं घाम गाळायचा तो व्यायाम. शाळेच्या मैदानावर शिट्टीच्या तालावर हात वर-खाली करायचे ती कवायत. वेळापत्रकात हे सगळं मिळून पी.टी. आणि सरकारी कागदावर शारीरिक शिक्षण. साठीच्या माणसाला 'खेळा' म्हटलं तर तो हसतो, 'व्यायाम करा' म्हटलं तर त्याच्या चेहऱ्यावर कडू औषध घेतल्यासारखा भाव येतो. चिनी माणसाला मात्र एकच शब्द पहिलीच्या तासापासून ऑलिंपिकपर्यंत आणि आजीच्या बागेपर्यंत पुरतो.

हा शब्द फार जुना असेल असं मला वाटलं होतं. तसं नाही. चीनमध्ये तो जेमतेम सव्वाशे वर्षांचा आहे.

देह सांभाळण्याची कला मात्र चीनमध्ये खरोखरच प्राचीन आहे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला चांगशा शहराच्या बाहेर, मावांगतुई इथे, काही थडगी उकरली गेली. त्यातलं एक इ.स.पू. १६८ मध्ये बंद केलेलं होतं. त्यात रेशमी कापडावर रंगवलेला एक तक्ता सापडला. तक्त्यावर ४४ माणसं वेगवेगळ्या स्थितींत उभी आहेत. कुणी हात ताणलेत, कुणी वाकलंय, कुणी काठी धरलीय. बायका आहेत, पुरुष आहेत, म्हातारे आहेत, तरुण आहेत. काही आकृत्यांच्या शेजारी तो व्यायाम कोणत्या दुखण्यावर आहे ते लिहिलंय, आणि त्यातली एक चक्क गुडघेदुखीसाठी आहे. दोन हजार वर्षांपूर्वीचा फिजिओथेरपीचा तक्ताच म्हणायचा. पुढे हान राजवटीच्या अखेरीस हुआ थुओ नावाचा प्रसिद्ध वैद्य होऊन गेला. त्यानं वाघ, हरीण, अस्वल, माकड आणि पक्षी यांच्या हालचालींवरून पाच व्यायाम बसवले. शरीर हलतं राहिलं की अन्न पचतं आणि रक्त वाहतं ठेवता येतं, मात्र अति करू नये, असं तो शिष्याला सांगे. हा शिष्य नव्वदी ओलांडूनही दात-कान-डोळे शाबूत ठेवून होता, अशी इतिहासग्रंथात नोंद आहे.

या जुन्या परंपरेला चिनी लोक 'यांगशंग' म्हणत, म्हणजे जीव पोसणं. तिचा हेतू साधा होता. आपलं दुखणं कमी व्हावं, आपण दीर्घायुषी व्हावं. देशाचं काय होईल, शेजारचं राष्ट्र काय म्हणेल, याच्याशी तिचा संबंध नव्हता. थीयू हा शब्द मात्र जन्मापासूनच देशाची काळजी घेऊन आला.

त्याचा उगम इंग्लंडमध्ये आहे. हर्बर्ट स्पेन्सर या विचारवंतानं १८६१ मध्ये शिक्षणावर एक पुस्तक प्रसिद्ध केलं. त्यात बौद्धिक, नैतिक आणि शारीरिक असे शिक्षणाचे तीन भाग केले. लोक घोडे आणि गुरं कशी वाढवावीत याची चर्चा तासन्‌तास करतात आणि स्वतःची मुलं कशी वाढवावीत याचा विचार करत नाहीत, ही त्याची तक्रार होती. (ही तक्रार आजही जुनी झालेली नाही. गाडीच्या सर्व्हिसिंगची तारीख पाठ असलेले आणि स्वतःची साखर चार वर्षांत न तपासलेले लोक मला रोज भेटतात.) जपान तेव्हा पाश्चात्त्य विद्या झपाट्यानं आत्मसात करत होता. तिथल्या विद्वानांनी चिनी अक्षरं जोडून नवे शब्द पाडले : बुद्धीचं संगोपन, नीतीचं संगोपन, आणि शरीराचं संगोपन म्हणजे 'ताइइकु'. १८९५ मध्ये जपाननं चीनचा युद्धात पराभव केला. त्यानंतर हजारो चिनी तरुण शिकायला जपानलाच गेले आणि येताना असे शेकडो शब्द घेऊन आले. अक्षरं चिनीच असल्यामुळे शब्द परका वाटला नाही, फक्त उच्चार बदलला. ताइइकुचं थीयू झालं.

त्याच १८९५ साली यान फू या लेखकानं एका लेखात देशाच्या दुबळेपणाची चिकित्सा केली. तो नौदलात शिकलेला, इंग्लंडला जाऊन आलेला, स्पेन्सरचा भक्त. त्याच्या मते लोकांची ताकद, लोकांचं ज्ञान आणि लोकांची नीती हे तिन्ही वाढवल्याशिवाय देश उभा राहणार नव्हता. ताकद वाढवायची तर अफू आणि मुलींचे पाय बांधण्याची चाल आधी बंद करा, असं त्यानं ठणकावून सांगितलं. गंमत म्हणजे यान फू स्वतः अफूच्या व्यसनात अडकलेला होता आणि दम्यानं बेजार असे. मला त्याच्याविषयी राग येत नाही. सिगारेट विझवून रुग्णाला 'धूम्रपान सोडा' म्हणणारे डॉक्टर मी जवळून पाहिले आहेत.

याच सुमारास 'आजारी माणूस' हे शब्द चीनच्या मानगुटीवर बसले. युरोपातल्या राजकारणात तुर्कस्तानच्या साम्राज्याला 'आजारी माणूस' म्हणायची पद्धत १८५० च्या दशकापासून पडली होती. तीच उपमा आता चीनला लावली गेली. मूळ अर्थ राजकीय होता : राज्यकारभार खिळखिळा झालाय, सुधारणा होत नाहीत. पण चिनी सुधारकांनी ती उपमा वाचली आणि हळूहळू तिचा अर्थ शब्दशः घेतला. आपली माणसं खरोखरच रोगट आहेत, छाती अरुंद, पाठ वाकलेली, हात काटकुळे, आणि सगळं जग त्यासाठी आपल्याला हसतंय, असं ते स्वतःच लिहू लागले. राज्याचं दुखणं माणसांच्या अंगावर येऊन पडलं.

डॉक्टर म्हणून मला इथे अडायला होतं. रुग्णाला हात न लावता केलेलं हे निदान होतं. त्या काळातला चिनी शेतकरी दुबळा असेल तर तो आळशी होता म्हणून नव्हे. त्याला पोटभर अन्न नव्हतं, गावात क्षय होता, पटकी होती, भातखाचरातल्या पाण्यातून शरीरात शिरणारे कृमी होते. दिवसभर चिखलात राबणाऱ्या माणसाला कवायत करायला लावून क्षय बरा होत नाही. १९४९ च्या सुमारास चीनमधलं सरासरी आयुर्मान ३५ वर्षांच्या आसपास होतं, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ते सुमारे ६८ झालं. ही झेप मुख्यतः लस, स्वच्छ पाणी, बाळंतपणातली काळजी आणि गावोगावच्या साध्या आरोग्यसेवकांमुळे घडली. व्यायामाची महती मी कमी लेखत नाही. पण उपाशी माणसाला व्यायाम लिहून देणं हा चुकीचा इलाज आहे आणि त्याच्या उपासमारीचं खापर त्याच्याच देहावर फोडणं हा अन्याय आहे.

१९०४ च्या नव्या शालेय नियमांत शरीराचा तास आला, पण त्याचं नाव थीयू नव्हतं. 'थीत्साओ' होतं, म्हणजे कवायत. रांगेत उभे राहा, एक-दोन-एक-दोन, लाकडी बंदुका खांद्यावर. शिकवायला बरेचदा माजी सैनिक असत. १९०७ मध्ये मुलींच्या शाळांसाठी नियम झाले आणि त्यांतही कवायत आली. आता विचार करा, ज्या मुलीचे पाय लहानपणीच बांधलेले आहेत ती कवायत कशी करणार? पाय बांधणं म्हणजे नुसती घट्ट पट्टी नव्हे. अंगठा सोडून बाकीची चार बोटं तळव्याखाली दुमडायची, पावलाची कमान मोडेपर्यंत आवळायची, आणि हे वर्षानुवर्षं चालू ठेवायचं. हाडं त्याच आकारात वाढतात. जखमा चिघळतात, कधी बोटं झडतात. म्हातारपणी तोल जातो, पडणं आणि हाड मोडणं वाढतं. पट्टी सोडली तरी हाडं पूर्वीसारखी होत नाहीत, उलट सुरुवातीला चालताना जास्तच दुखतं.

अशा पट्ट्या सोडलेल्या बायकांपैकी एक होती छिउ चिन. नवरा आणि मुलं मागे ठेवून ती १९०४ मध्ये जपानला शिकायला गेली. परतल्यावर शाओशिंग गावातल्या एका शाळेची सूत्रं तिच्याकडे आली. तिथे तिनं थीयू मंडळ चालवलं. वरून पाहणाऱ्याला व्यायामशाळा, आत बंदुकीचं शिक्षण आणि मांचू सम्राटाविरुद्ध उठावाची तयारी. ती पुरुषी कपडे घाली, घोड्यावर बसे. कट फुटला आणि जुलै १९०७ मध्ये तिचा शिरच्छेद झाला. वय तिशीच्या आसपास. ज्या शब्दाचा अर्थ 'देहाचं संगोपन' आहे, त्याच्या आडोशाला ती देह पणाला लावायची तालीम देत होती. तिची हिंमत मला थक्क करते. पण चीनमध्ये या शब्दानं किती लवकर बंदूक उचलली, हेही त्यात दिसतं.

दहा वर्षांनी, एप्रिल १९१७ मध्ये, 'नवतरुण' या गाजलेल्या मासिकात थीयूवर एक लांब लेख आला. लेखकाच्या नावाच्या जागी 'अठ्ठावीस रेघांचा विद्यार्थी' असं टोपणनाव होतं. त्याचं नाव लिहायला २८ रेघा लागत : माओ त्सेतुंग. वय २३, चांगशाच्या अध्यापक विद्यालयात शिकत होता. मागाहून माओच्या राजवटीत काय काय घडलं ते बाजूला ठेवून मी हा लेख एका विद्यार्थ्याचा म्हणून पाहिला, आणि त्यातली एक गोष्ट मला फार खरी वाटली. लोक व्यायाम का करत नाहीत याची कारणं शोधताना त्यानं लाजेवर बोट ठेवलंय. सभ्य माणसानं लांब झगा घालावा, सावकाश चालावं, नजर शांत ठेवावी, अशी ज्या समाजाची समजूत, तिथे हात-पाय उघडे टाकून उड्या मारणं म्हणजे अब्रू घालवणं. शाळेतल्या तासांवरही त्याची टीका आहे : पुस्तकी अभ्यासाचं ओझं मुलांना पिळून काढतं आणि शरीराचा तास नावापुरता उरकला जातो. लेखाच्या शेवटी त्यानं स्वतः बसवलेले व्यायामही दिलेत. पुढे तो अट्टल धूम्रपानी झाला, ते वेगळं.

तो हे चांगशात बसून लिहीत होता. ज्या रेशमी तक्त्यावर गुडघेदुखीचा व्यायाम रंगवलेला होता, तो त्याच शहराच्या वेशीवर मातीखाली पडलेला होता आणि वर कुणालाच त्याची खबर नव्हती.

१९२३ मध्ये शाळांच्या अभ्यासक्रमात कवायतीचं नाव काढून थीयू लिहिलं गेलं. पहिल्या महायुद्धानंतर सैनिकी शिस्तीचा मोह ओसरला होता. वायएमसीएसारख्या संस्थांनी आणलेले बास्केटबॉल, धावणं, उड्या हे खेळ शहरांत रुजले होते. म्हणजे एकाच शब्दात आता संगोपन होतं, कवायतीची आठवण होती आणि पाश्चात्त्य मैदानी खेळही होते. काकूंच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे मिळतं.

उरलेलं अर्धं पदकांच्या गोष्टीत आहे. १९३२ मध्ये लॉस एंजेलिस ऑलिंपिकला चीनचा एकच खेळाडू गेला, धावपटू लिउ छांगचुन. जपाननं मांचुरिया बळकावून तिथे कळसूत्री राज्य उभं केलं होतं आणि त्या राज्यातर्फे धावायला त्यानं नकार दिला होता. तीन आठवडे बोटीतून प्रवास करून तो २९ जुलैला पोहोचला, ३० जुलैला उद्‌घाटन. १०० आणि २०० मीटरच्या पहिल्याच फेरीत तो बाद झाला. तीन आठवडे हलत्या बोटीत काढलेल्या पायांकडून दुसरी काय अपेक्षा करणार? पण देश त्याच्याकडे पाहत होता, म्हणून ते पाय त्याचे एकट्याचे राहिले नव्हते. चार वर्षांनी बर्लिनला चीनचा मोठा चमू गेला आणि त्याच्यासोबत चिनी युद्धकलेची प्रात्यक्षिकं दाखवणारा एक छोटा गटही. त्याच १९३६ च्या बर्लिनमध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे लोक कबड्डीसारखे आपले देशी खेळ दाखवायला गेले होते, हे आपल्यातल्या अनेकांना माहीत नसतं. दोन परतंत्र किंवा अर्धपरतंत्र देश जगाला हेच दाखवत होते, की आम्ही दुबळे नाही.

नवं सरकार आल्यावर चित्र पालटलं. डिसेंबर १९५१ पासून चीनच्या रेडिओवर कवायत सुरू झाली. संगीत लागायचं, आकडे मोजले जायचे आणि शाळा, कारखाने, कचेऱ्यांत लाखो लोक एकाच वेळी हात वर करायचे. या रेडिओ-कवायतीची वंशावळ मजेशीर आहे. तिची आजी अमेरिकेत, एका आयुर्विमा कंपनीनं १९२५ मध्ये न्यूयॉर्कहून सुरू केलेला सकाळचा व्यायाम. ग्राहक जास्त जगले तर कंपनीचा फायदा, इतका रोकडा हिशेब. जपानच्या टपाल विमा खात्यानं ती कल्पना उचलली आणि १९२८ मध्ये तिथे रेडिओ-कवायत सुरू झाली. तिथून चीन. भांडवलशाही विम्याची नात साम्यवादी कारखान्यात नांदायला आली, असं म्हणायला हरकत नाही. मला त्या कल्पनेत दोष दिसत नाही. दहा मिनिटं, साधन काही नाही, लाज वाटायला जागा नाही, कारण सगळेच करतायत. १९५६ मध्ये तिथल्या क्रीडा आयोगानं ताइचीचा २४ हालचालींचा सोपा संच तयार केला, तो आज जगभर बागांमध्ये दिसतो. वृद्धांमध्ये ताइचीमुळे पडण्याचं प्रमाण कमी होतं. गुडघ्याच्या झिजेसाठी तर अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेनं २०१९ मध्ये त्याची ठाम शिफारस केली आहे.

पण शब्दाचं वजन हळूहळू पदकांकडे झुकत गेलं. १९५९ मध्ये टेबल टेनिसचं पहिलं विश्वविजेतेपद, १९८४ मध्ये नेमबाजीत पहिलं ऑलिंपिक सुवर्ण, आणि २००८ मध्ये बीजिंगला ५१ सुवर्णपदकं. (त्यातली तीन पुढे उत्तेजकांमुळे काढून घेतली गेली.) 'आजारी माणूस' हा डाग धुऊन निघाला, असं प्रत्येक पदकानंतर लिहिलं गेलं. मोजक्या मुलांना लहान वयात निवडायचं, शाळेपासून तोडून रात्रंदिवस घडवायचं. २००६ मध्ये बातमी आली, की वेटलिफ्टिंगची एक माजी राष्ट्रीय विजेती सार्वजनिक स्नानगृहात लोकांची अंगं चोळून देण्याचं काम करते. शिक्षण अपुरं राहिलं होतं, दुसरं काही येत नव्हतं. त्या बाईच्या देहाचं संगोपन झालं होतं का? शब्दाचा अर्थ धरला तर नाही.

आणि इकडे बाकीच्या मुलांचं काय? चिनी लोकांत एक विनोद प्रसिद्ध आहे. कुणाचं गणित चुकलं की म्हणतात, 'तुला गणित थीयूच्या मास्तरांनी शिकवलं का?' दुसरा विनोद असा, की थीयूचे मास्तर कायम आजारी असतात, आणि त्यांच्या जागी गणिताचे मास्तर तास घ्यायला येतात. हे वाचून मी मोठ्यानं हसलो. माझ्या शाळेत स्कॉलरशिपच्या वर्षी आमचे पी.टी.चे सर जूनमध्ये एकदा दिसले ते थेट स्नेहसंमेलनाला. तो तास गणिताच्या बाईंनी वर्षभर खाल्ला. मी स्कॉलरशिप मिळवली आणि आठवीत चष्मा लावला.

चष्म्याचा उल्लेख उगाच केलेला नाही. ग्वांगचौ शहरातल्या १२ प्राथमिक शाळांमध्ये एक प्रयोग झाला आणि तो २०१५ मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. सहा शाळांत पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटांचा एक जादा तास उघड्यावर दिला. बाकीच्या सहा शाळांत नेहमीप्रमाणे. तीन वर्षांनी पाहिलं तर जादा तास मिळालेल्या मुलांपैकी ३०.४ टक्क्यांना नव्यानं लघुदृष्टी आली होती, म्हणजे लांबचं अंधूक दिसू लागलं होतं. बाकीच्या शाळांत हेच प्रमाण ३९.५ टक्के होतं. औषध नाही, चष्मा नाही, फक्त बाहेरचा उजेड. मुलं बाहेर काय करत होती, किती वेगानं धावत होती, कुणी जिंकलं का, यातलं काही मोजलं नव्हतं. मला हा प्रयोग त्या ५१ पदकांपेक्षा मोठा वाटतो.

सरकारलाही आता मुलांचं वजन आणि चष्मे दिसू लागलेत. युन्नान प्रांतानं माध्यमिक शाळेअखेरच्या परीक्षेत थीयूला १०० गुण दिले, भाषा आणि गणिताच्या बरोबरीनं. उद्देश चांगला. परिणाम काय झाला असेल ते मराठी पालकांना सांगायला नको : थीयूच्या शिकवण्या जोरात सुरू झाल्या. दोरीवरच्या उड्यांचा क्लास! मैदानावर सोडायचं तर गुणांशिवाय सोडत नाही, आणि गुण दिले की मैदानाचा वर्ग होतो. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

काकूंना मी हे सगळं सांगितलं नाही, वेळही नव्हता. मी एवढंच विचारलं, की तिथे रोज बागेत जात होतात, मग इथे आल्यावर का बंद केलंत? त्या जरा गप्प झाल्या आणि मग म्हणाल्या, "तिथे सगळ्या माझ्याच वयाच्या होत्या. मला कुणी ओळखत नव्हतं. इथे सोसायटीच्या आवारात साडी नेसून हात हलवायला लागले तर वरच्या मजल्यावरचे खिडकीतून बघतील." मला चांगशाचा तो विद्यार्थी आठवला. सहा वर्षं मी त्यांना आठवड्याला १५० मिनिटांचा आकडा सांगत होतो. लाज वाटते का, हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

मावांगतुईच्या तक्त्याचं चित्र मी छापून ठेवलं होतं, ते दाखवलं. गुडघेदुखीची आकृती त्यांनी चष्मा वर करून बराच वेळ न्याहाळली. "ह्याचे गुडघे माझ्यापेक्षा बरे दिसतायत," म्हणाल्या, आणि चित्र घडी करून पिशवीत टाकलं.

आता इमारतीच्या गच्चीवर सकाळी साडेसहाला त्या आणि आणखी तिघीजणी जमतात. सुनेनं शांघायहून व्हिडिओ पाठवलेत, ते मोबाईलवर लावतात. त्यातल्या एकीला रक्तदाब आहे. तिला मी दमेपर्यंत करू नका आणि छातीत भरून आलं तर थांबून लगेच कळवा, असं बजावलंय. चौघी मिळून त्याला थीयूच म्हणतात, व्यायाम म्हणत नाहीत. गुडघे अजून दुखतातच. परवाच्या तपासणीत एचबीएवनसी ७.१ आलं, म्हणजे शांघायहून आल्या तेव्हापेक्षा थोडं जास्त. मी तसं सांगितलं. काकू म्हणाल्या, "अहो, मध्ये दिवाळी झाली."